समान संधीचा कायदा आणि धानोऱ्याचा हलबा

२६ जानेवारी १९५० रोजी भारताची राज्यघटना अमलात आली आणि तिच्या सोळाव्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकास शासकीय नोकरीत समान संधीचे अभिवचन दिले. त्याच अनुच्छेदाच्या चौथ्या खंडाने आणखी एक गोष्ट सांगितली. ज्या मागासवर्गांना राज्याच्या सेवेत पुरेसे स्थान मिळालेले नाही, त्यांच्यासाठी काही जागा राखून ठेवण्याची मुभा राज्याला दिली. या दोन वाक्यांवर गेल्या पाऊणशे वर्षांत ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले. परंतु अभिवचन देणे वेगळे आणि ते ज्याचे त्याच्या पदरात घालणे वेगळे. राखीव जागा ज्याच्यासाठी राखली, त्याच्याच हाती ती पडते की नाही, हे कोणी पाहायचे, कसे पाहायचे आणि पाहण्यास उशीर झाला तर त्याचे मोल कोणी द्यायचे, हा समान संधीच्या कायद्याचा खरा इतिहास आहे. तो इतिहास दिल्लीच्या न्यायालयात लिहिला गेला असला, तरी त्याचे मूळ आपल्या महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यासारख्या रानवस्तीत आहे. तो इतिहास या लेखात आम्ही वाचकांपुढे मांडीत आहोत.

रानातला तालुका

मुंबई-वसईकडील वाचकांना धानोरा हे नाव फारसे परिचित असणार नाही. गडचिरोलीहून पूर्वेकडे निघालेला रस्ता धानोऱ्यावरून मुरूमगावला जातो आणि पुढे छत्तीसगडच्या हद्दीत शिरतो. दोहो बाजूंना साग, मोह, तेंदू आणि बांबू यांचे रान. वस्ती मुख्यतः गोंडांची; त्यांच्या शेजारी हलबा अथवा हलबी, कंवर आणि इतर जमाती. धानोऱ्यापासून अगदी जवळ मेंढा (लेखा) हे गाव आहे. तेथील ग्रामसभेने आपल्या जंगलावरील हक्कासाठी दिलेला लढा देशभर गाजला.

ब्रिटिश अमदानीत हा सारा मुलूख चांदा जिल्ह्यात मोडत असे. रांगी, मुरूमगाव, दुधमाळा, खुटगाव अशा लहानमोठ्या जमीनदाऱ्यांत तो विभागलेला होता. १९५० च्या कायद्याने मध्य प्रदेशातील जमीनदाऱ्या संपुष्टात आल्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी चांदा जिल्हा मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. पुढे २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. २ डिसेंबर १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने महाराष्ट्रातील अनुसूचित क्षेत्रे नव्याने निश्चित झाली, तेव्हा धानोरा तालुका त्यांत सबंध समाविष्ट झाला. आपल्या वसई तालुक्यातील काही गावेही त्याच आदेशात आहेत, ही गोष्ट येथे सांगून ठेवावीशी वाटते. कारण धानोऱ्याचा प्रश्न हा केवळ दूरच्या रानाचा प्रश्न नाही.

या तालुक्यात कारखाना नाही. पोट भरण्याची साधने म्हणजे धानाची शेती, मोहफूल, तेंदूपाने, बांबूतोड आणि रोजगार हमीची कामे. अशा ठिकाणी शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, वनरक्षक, परिचारिका या पदांचे महत्त्व शहरातील माणसाला चटकन उमगणार नाही. घरात महिन्याच्या महिन्याला ठरलेली रक्कम येण्याचा तो जवळजवळ एकमेव मार्ग. शिवाय दारात आलेला सरकारी माणूस आपली भाषा बोलणारा असेल, तर सरकार आपलेही आहे असे वाटू लागते.

यादी आणि तिची कुंपणे

कोणती जमात अनुसूचित समजायची, हे घटनेच्या ३४२ व्या अनुच्छेदानुसार राष्ट्रपती आदेशाने ठरवितात. असा पहिला आदेश ६ सप्टेंबर १९५० रोजी निघाला. त्या यादीत भर घालण्याचा वा तीतून काही वगळण्याचा अधिकार घटनेने फक्त संसदेला दिला. घटनाकारांचा हेतू स्पष्ट होता. यादी जर राज्य शासनाच्या किंवा स्थानिक अधिकाऱ्याच्या हाती राहिली, तर निवडणुकीगणिक ती फुगत जाईल आणि ज्याच्यासाठी ती केली तोच तिच्यातून बाहेर ढकलला जाईल.

विदर्भाच्या यादीला सुरुवातीला एक कुंपणही होते. गोंड, हलबा, माना अशा अनेक जमातींना अनुसूचित म्हणून मान्यता होती खरी, परंतु ती ठराविक तहसिलींपुरतीच: अमरावतीतील मेळघाट, चांद्यातील गडचिरोली व सिरोंचा, यवतमाळमधील केळापूर, वणी व यवतमाळ. धानोरा त्या वेळी गडचिरोली तहसिलीत होते; म्हणून तेथील हलबा अनुसूचित जमातीचा ठरे. त्याचाच सख्खा भाऊ पोटासाठी नागपुरास जाऊन राहिला, तर तो मात्र अनुसूचित जमातीचा उरत नसे. तहसिलीची सीमा ओलांडली की माणसाचे मागासलेपण संपते, असा हा विचित्र न्याय होता.

तो दूर करण्यासाठी संसदेने १९७६ साली दुरुस्ती कायदा केला. २७ जुलै १९७७ पासून तो अमलात आला आणि क्षेत्राची बंधने उठली. महाराष्ट्राच्या यादीतील एकोणिसाव्या क्रमांकावर ‘हलबा, हलबी’ ही नोंद आता सबंध राज्याला लागू झाली. ही दुरुस्ती न्याय्यच होती. परंतु एका अन्यायाचे दार बंद करताना दुसऱ्याची खिडकी उघडी राहिली. यादीत केवळ नाव होते. ते नाव सांगणारा माणूस कोण, हे पूर्वी तहसिलीची सीमा ढोबळपणे सांगत असे. आता ते सांगण्याचे काम एका कागदावर आले. तो कागद म्हणजे जातीचे प्रमाणपत्र.

दोन समाज, एक शब्द

नागपूर, उमरेड, भंडारा, पवनी या भागांत कोष्टी समाज पिढ्यानपिढ्या हातमागावर कापड विणत आला आहे. या समाजाच्या पोटशाखांपैकी एक शाखा हलबा-कोष्टी म्हणून ओळखली जाते. आपले पूर्वज मूळचे बस्तरकडील हलबाच. पोटासाठी ते मागावर बसले आणि त्यामुळे कोष्टी म्हणविले गेले, अशी या शाखेतील लोकांची धारणा आहे. दुसरीकडे धानोरा, कुरखेडा, कोरची या तालुक्यांत आणि पलीकडे बस्तरात राहणारा हलबा शेती करणारा, हलबी बोली बोलणारा, रानाशी बांधलेला. क्षेत्राची बंधने उठल्यावर नागपूरच्या विणकर कुटुंबांतील मुलांना ‘हलबा’ म्हणून प्रमाणपत्रे मिळू लागली आणि त्या प्रमाणपत्रांवर महाविद्यालयांतील व कचेऱ्यांतील राखीव जागा भरू लागल्या.

येथे विणकरांची बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. गिरणीच्या कापडाने हातमागाचा कणा मोडला होता. विणकराच्या घरातील दारिद्र्य खोटे नव्हते आणि शिकून वर येण्याची त्यांच्या मुलांची धडपडही खोटी नव्हती. अनेकांनी प्रमाणपत्र घेतले ते आपण खरोखरच हलबा आहोत या समजुतीने, आणि ते देणारा अधिकारी शासनाचाच होता. परंतु अनुसूचित जमातीची जागा केवळ दारिद्र्यासाठी राखलेली नाही. रानात एकाकी पडलेल्या, शाळेपासून आणि सत्तेपासून पिढ्यानपिढ्या दूर राहिलेल्या जमातींसाठी ती आहे. शहरात शाळेजवळ वाढलेला मुलगा आणि धानोऱ्याच्या आश्रमशाळेत शिकलेला मुलगा एकाच जागेसाठी उभे राहिले, तर गुणांच्या यादीत कोण वर येणार, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

मिलिंद खटला

हा वाद ज्या खटल्याने निकालात निघाला, तो ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध मिलिंद’ या नावाने प्रसिद्ध आहे. नागपूरच्या एका विद्यार्थ्याला हलबा असल्याचे प्रमाणपत्र मिळाले होते. १९८५-८६ साली अनुसूचित जमातीच्या राखीव जागेवर त्याची वैद्यकीय अभ्यासक्रमासाठी निवड झाली. पडताळणी समितीने त्याचा दावा अमान्य केला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो मान्य केला. राज्य शासन सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २८ नोव्हेंबर २००० रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला.

निकालाचा गाभा असा: राष्ट्रपतींच्या आदेशातील नोंद जशी आहे तशीच वाचायची. अमुक पोटजात त्या नोंदीत अभिप्रेत आहे काय, यासाठी पुरावा घेण्याचा आणि नोंदीचा अर्थ ताणण्याचा अधिकार ना शासनाला, ना न्यायालयाला. हलबा-कोष्टी म्हणजे हलबा नव्हे. बदल हवा असेल, तर तो संसदेने करावा.

तत्त्व स्वच्छ होते. परंतु प्रवेशाला पंधरा वर्षे लोटली होती. तो विद्यार्थी एव्हाना डॉक्टर झाला होता. त्याच्या शिक्षणावर सरकारी पैसा खर्च झाला होता आणि ती पदवी काढून घेतल्याने कोणाचेही भले होणार नव्हते. म्हणून न्यायालयाने पदवी राहू दिली. पुढे अनुसूचित जमातीचा कोणताही लाभ घेता येणार नाही, एवढे बजावले. त्याचबरोबर जे प्रवेश आणि ज्या नेमणुका अंतिम झाल्या आहेत, त्यांना या निकालाने बाधा येणार नाही, अशा अर्थाचे एक वाक्यही निकालात आले.

या खटल्यात दोन पक्ष होते, शासन आणि विद्यार्थी. दोघांचेही वकील उभे होते. तिसरा एक पक्षकार मात्र न्यायालयात कधी आलाच नाही. १९८५-८६ साली ती राखीव जागा ज्याला मिळाली असती, तो आदिवासी मुलगा. तो धानोऱ्याचा असेल, कुरखेड्याचा असेल, मेळघाटातला असेल. त्याचे नाव कोणत्याही कागदावर नाही. आपल्या हातून काय गेले, हे त्याला स्वतःलाही बहुधा कळले नसेल. न्यायालयाने दाखविलेली दया योग्यच होती, असे आम्ही मानतो. पण त्या दयेचे मोल ज्याने दिले, त्याला कोणी विचारले नाही. समान संधीच्या कायद्याची सारी कसोटी या गैरहजर पक्षकारापाशी आहे.

सतरा वर्षांची पळवाट

याआधीच, २ सप्टेंबर १९९४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने माधुरी पाटील खटल्यात प्रमाणपत्रांच्या पडताळणीची रीत घालून दिली होती. प्रत्येक राज्याने पडताळणी समिती नेमावी, तिच्या हाताशी दक्षता पथक असावे, त्याने अर्जदाराच्या मूळ गावी जाऊन शाळेचे दाखले, महसुली नोंदी, चालीरीती तपासाव्यात आणि मगच समितीने निर्णय द्यावा, अशी ती रीत होती. परंतु समित्या थोड्या आणि प्रकरणे ढिगांनी. तोवर नोकरीत शिरलेला माणूस वर्षानुवर्षे नोकरीत राहिला. १५ जून १९९५ च्या शासन निर्णयाने अशा काही समाजांतील आधीच्या कर्मचाऱ्यांना संरक्षणही दिले.

पुढे महाराष्ट्र विधिमंडळाने स्वतंत्र कायदा केला. २००१ चा तेविसावा अधिनियम म्हणून तो ओळखला जातो आणि १८ ऑक्टोबर २००१ पासून अमलात आला. जातीचा दावा सिद्ध करण्याची जबाबदारी त्याने दावा करणाऱ्यावर टाकली. प्रमाणपत्र खोटे ठरले तर नोकरी, प्रवेश, निवडून आलेले पद हे सारे लाभ काढून घ्यावेत आणि सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कारावास देता यावा, अशी तरतूद त्यात आहे. कागदावर पाहिले तर समान संधीच्या अंमलबजावणीचे इतके धारदार हत्यार देशात क्वचितच असेल.

हत्यार म्यानात राहिले ते मिलिंद निकालातील त्या एका वाक्यामुळे. अंतिम झालेल्या नेमणुकांना बाधा नाही, या वाक्याचा आधार घेऊन असंख्य कर्मचारी न्यायालयात गेले आणि उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानेही २०१४ साली असे संरक्षण देता येते, असे ठरविले. अखेर ६ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी भारतीय अन्न महामंडळाच्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात, म्हणजे जगदीश बहिरा खटल्यात, ही पळवाट बंद केली. मिलिंद खटल्यातील सवलत ही घटनापीठाने विशेष अधिकारात दिलेली होती, ती सरसकट नियम होऊ शकत नाही. प्रमाणपत्र अवैध ठरले की कायद्याप्रमाणे लाभ जाणारच. ते घेणाऱ्याच्या मनात कपट होते की नव्हते, हा प्रश्न शिक्षेपुरता. जागा परत घेण्यासाठी तो गैरलागू.

या निकालानंतर किती जागा रिकाम्या व्हाव्या लागतील, याची मोजदाद सुरू झाली. २०१८ साली वृत्तपत्रांत प्रसिद्ध झालेला आकडा ११,७०० कर्मचाऱ्यांचा होता. २१ डिसेंबर २०१९ च्या शासन निर्णयाने तोडगा काढला तो असा: ज्यांचे प्रमाणपत्र अवैध ठरले त्यांना एकदम घरी न पाठविता अकरा महिन्यांसाठी ‘अधिसंख्य’ पदांवर ठेवावे आणि त्यांची मूळ पदे खऱ्या आदिवासींसाठी मोकळी करावीत. निवृत्तीला आलेल्या कारकुनाच्या घरचा विचार शासनाने केला, हे आम्ही दोषास्पद मानत नाही. पण ज्या वर्षी ते पद पहिल्यांदा भरले गेले, त्या वर्षी वयाच्या अटीत बसणारा आदिवासी तरुण आज पन्नाशीला पोचला आहे. रिकामी झालेली जागा त्याच्या मुलाला कदाचित मिळेल. त्याची स्वतःची वर्षे कोणताही शासन निर्णय परत आणू शकत नाही.

पुराव्याची दुधारी तलवार

आता दुसरी बाजू पाहू. तोतयाला अडविण्यासाठी उभारलेला पहारा खऱ्या माणसालाही अडवितो.

पडताळणीत सर्वांत वजनदार पुरावा कोणता, तर १९५० पूर्वीचा. वडिलांचा, आजोबांचा, पणजोबांचा शाळेतील दाखल-खारीज नोंदीचा उतारा, विदर्भात गावोगावच्या जन्ममृत्यूंची नोंद ठेवणारी कोतवाल पंजी, महसुली अधिकार अभिलेख. नागपुरात राहिलेल्या कुटुंबाला असे कागद शोधणे अवघड असले तरी अशक्य नसते. धानोऱ्याच्या रानातील ज्या गावात १९५० पूर्वी शाळाच नव्हती, तेथे आजोबांचा शाळेचा दाखला कोठून आणायचा? कोतवालाने पंजीत जमातीच्या जागी काय लिहिले, हे कोतवालाच्या कानावर आणि कलमावर अवलंबून. जमीनदारीच्या रानात फिरती शेती करणाऱ्याच्या नावावर सातबारा तरी कोठला? ज्या वंचिततेसाठी जागा राखली, ती वंचितताच पुरावा नसल्याचे कारण ठरते, आणि तालुक्याच्या गावाचे, जिल्ह्याच्या समितीचे हेलपाटे घालता घालता मजुरी बुडते.

१९७१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे याच जातीचा प्रश्न आला होता. तेथील १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने नोकरीत वंशभेद करण्यास मनाई केली होती. उत्तर कॅरोलायना राज्यातील ड्यूक पॉवर या वीज कंपनीने बरी कामे मिळण्यासाठी माध्यमिक शाळा उत्तीर्ण असण्याची अट सर्वांना सारखी लावली. अट दिसायला समान होती; पण कृष्णवर्णीयांना पिढ्यानपिढ्या निकृष्ट शाळांत ठेवले गेल्यामुळे ती त्यांनाच बाहेर ठेवी, आणि त्या कामासाठी तिची गरजही सिद्ध झाली नव्हती. न्यायालयाने ती बेकायदा ठरविली. अट सर्वांना एकच आहे एवढ्याने ती न्याय्य होत नाही, हा त्या निकालाचा धडा धानोऱ्यालाही लागू पडतो.

आपल्याकडेही याची जाण अगदीच नाही असे नव्हे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली केलेल्या नियमांत गावातील वृद्धांचे लेखी नोंदविलेले निवेदन हाही पुरावा म्हणून मान्य झाला. धानोऱ्याशेजारच्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. वनहक्काचा कायदा ज्या म्हाताऱ्याच्या आठवणीला पुरावा मानतो, त्याच म्हाताऱ्याचा नातू नोकरीसाठी उभा राहिला की ती आठवण कागदापुढे फिकी पडते. जमातीची दैवते, लग्नाच्या रीती, बोली यांवरून आपुलकीची चाचणी घेण्याची पद्धत पडताळणीत होती. परंतु शाळेत शिकलेल्या मुलाला कुळाच्या साऱ्या रीती सांगता आल्या नाहीत, की तीच चाचणी त्याच्यावर उलटे. २४ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठाकूर जमातीच्या प्रकरणात स्पष्ट केले की, ही चाचणी हा अंतिम निकष नव्हे; प्रत्येक प्रकरणात सारे पुरावे एकत्र तोलले पाहिजेत. हा निर्णय खऱ्या माणसाला दिलासा देणारा आहे.

शेजाऱ्याचा प्रश्न

९ जून २०१४ रोजी महाराष्ट्राच्या राज्यपालांनी घटनेच्या पाचव्या अनुसूचीतील अधिकार वापरून एक अधिसूचना काढली. अनुसूचित क्षेत्रांतील तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, वनरक्षक, परिचारिका अशी पदे स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांतूनच भरावीत, असे तिने ठरविले. धानोऱ्याच्या दृष्टीने हा मोठा दिवस होता. जागा रानातली, माणूसही रानातला.

परंतु गडचिरोली जिल्ह्यात केवळ आदिवासीच राहत नाहीत. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १०,७२,९४२ होती आणि तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण ३८.७ टक्के होते. उरलेल्यांत कुणबी, तेली, माळी, ढिवर अशा समाजांतील गरीब शेतकरी व मजूर बहुसंख्य. जिल्हास्तरावरील पदांत इतर मागासवर्गांचा वाटा आधीच सहा टक्क्यांवर आणला गेला होता; त्यात ही अधिसूचना आली. आपल्याच गावात आपल्या मुलाला तलाठी होण्याची संधी नाही, ही त्यांची तक्रार रास्त होती. २०१९ साली अधिसूचना सुधारून आदिवासी लोकसंख्येप्रमाणे तीन पायऱ्या केल्या गेल्या. निम्म्याहून अधिक आदिवासी असतील तेथे सर्व पदे, पाव ते निम्मे असतील तेथे निम्मी आणि त्याहून कमी असतील तेथे पाव पदे स्थानिक आदिवासींची. इतर मागासवर्गांचा जिल्ह्यातील वाटाही २०२१ साली सतरा टक्के करण्यात आला.

आंध्र प्रदेशाच्या एका खटल्यात, २२ एप्रिल २०२० रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने अनुसूचित क्षेत्रातील शिक्षकांची शंभर टक्के पदे आदिवासींसाठी राखणारा आदेश घटनाबाह्य ठरविला. त्याची छाया महाराष्ट्रावरही पडली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि परीक्षा देऊन निवड झालेल्या आदिवासी तरुणांच्या नेमणुका अडकून पडल्या. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी विधानसभेचे तत्कालीन उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी इतर आदिवासी आमदारांसह मंत्रालयातील संरक्षक जाळीवर उडी घेतली, तिच्या मागण्यांत ही रखडलेली भरती होती. सभागृहाच्या उपाध्यक्षालाच जाळीवर उडी घ्यावी लागावी, यावरून कायद्याची वाट रानातल्या माणसाला किती लांबची वाटत असेल याची कल्पना यावी.

आपला संबंध

या साऱ्याशी ख्रिस्ती कुटुंबांचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध दोन प्रकारचा आहे.

पहिला असा की, अनुसूचित जमातींच्या आदेशात धर्माची अट नाही. वारली, गोंड वा उरांव कुटुंब ख्रिस्ती झाले, म्हणून त्याची जमात आपोआप पुसली जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली केरळच्या चंद्रमोहनन खटल्यात हे मान्य केले. मात्र ती व्यक्ती जमातीच्या रीतीभाती पाळते काय आणि जमात तिला आपली मानते काय, हे पाहिले जाईल, असेही सांगितले. दुसरा संबंध अधिक दुखरा आहे. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट आहे. प्रारंभी ती हिंदूंपुरती होती. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध तिच्यात आले. दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लिम आजही बाहेर आहेत. हा प्रश्न तपासण्यासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला.

मिलिंद खटल्याचा धडा आपल्यालाही तितकाच लागू आहे. यादी न्याय्य नसेल, तर ती बदलून घेण्यासाठी संसदेपुढे, आयोगापुढे, लोकांपुढे उघडपणे आपल्या नावाने उभे राहायचे. दुसऱ्याच्या नावाने मागच्या दाराने शिरलो, तर आपण ज्याची जागा घेतो तो आपल्यासारखाच, किंबहुना आपल्याहूनही दुबळा असतो. ज्या समाजाला स्वतःला वगळले जाण्याचे दुःख ठाऊक आहे, त्याने तरी हे विसरू नये.

व्यवहारातही करण्यासारखे पुष्कळ आहे. आपल्या अनेक धर्मग्रामांच्या परिसरात वारली, कातकरी, मल्हार कोळी कुटुंबे राहतात. त्यांच्या मुलांच्या शाळेत नाव घालताना जमातीची नोंद बरोबर झाली आहे काय, आजोबांच्या नोंदीचा उतारा तहसील कचेरीत अजून मिळतो काय, पडताळणीचा अर्ज बारावीआधीच गेला आहे काय, हे पाहणारा एखादा शिकलेला शेजारी त्यांना मिळाला, तर दहा सभांतील भाषणांपेक्षा त्याचे मोल अधिक ठरेल. जुन्या शाळांची, आश्रमशाळांची दाखल-खारीज पुस्तके वाळवीपासून जपणे हेही समान संधीच्या कायद्याचेच काम आहे. कारण उद्या कोण्या मुलाची नोकरी त्यातील एका ओळीवर उभी राहणार असते.

इतिहासाचा निष्कर्ष एका वाक्यात सांगायचा, तर तो असा: समान संधीचा कायदा तोडणारा माणूस नेहमीच दुष्ट असतो असे नाही. बहुधा तो गरजू असतो, आणि त्याला सही देणारा अधिकारी घाईत असतो. म्हणूनच या कायद्याला दोन गोष्टी एकाच वेळी साधाव्या लागतात. तोतयासाठी पहारा कडक हवा आणि खऱ्यासाठी दार रुंद हवे. शिवाय दोन्ही कामे वेळेवर व्हायला हवीत. नागपूरच्या त्या प्रवेशापासून घटनापीठाच्या निकालापर्यंत पंधरा वर्षे गेली आणि तेथून पळवाट बंद होईपर्यंत आणखी सतरा. या बत्तीस वर्षांत धानोऱ्याच्या आश्रमशाळांतून कितीतरी मुले बाहेर पडली, रानात परतली, तेंदूपाने तोडू लागली. त्यांच्यापैकी कोणीही न्यायालयात गेले नाही. पुढच्या निकालाची वाट पाहताना या गैरहजर पक्षकाराची आठवण शासनाने ठेवावी, न्यायालयाने ठेवावी आणि आपणही ठेवावी.